सिनॅमन पासचा जुना खच्चरगाड्यांचा रस्ता: जीपने कसा पार करायचा

कोलोरॅडोत लेक सिटीहून डोंगर ओलांडून सिल्व्हर्टनला उतरणारा हा रस्ता. आधी यूट या मूळनिवासी लोकांची पायवाट होती, 1870 च्या दशकात खाणींमुळे तिथून खच्चरगाड्या जायला लागल्या. सिनॅमन पास ही खिंड 12,640 फुटांवर आहे आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही एकच गाडी मावते.

आधी गाडीचं बघा. नेहमीच्या रेंटलवाल्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा कच्चा रस्ता चालत नाही, त्यामुळे लेक सिटीतच जीप भाड्याने घ्या. ग्राउंड क्लिअरन्स तर पाहिजेच पण फोर-लो (चारही चाकं फिरवणारा सगळ्यात हळू, जोरदार गिअर) पण पाहिजे. स्वतःची गाडी असेल तर टायरची हवा 25 पीएसआयच्या आसपास आणा, दगडांवर ग्रिप चांगली मिळते, फक्त पंप सोबत ठेवा.

जाण्याआधी एक रात्र लेक सिटीत झोपा, 8,600 फुटांवर शरीराला जरा सवय होते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, म्हणून सकाळी सातला निघा आणि दुपारच्या आत खिंड ओलांडा. बर्फ साधारण जूनमध्ये हटतं पण रस्ता उघडलाय का ते आधी नक्की विचारा.

लेक सॅन क्रिस्टोबलच्या पुढे डांबर संपतं, अमेरिकन बेसिनच्या फाट्यानंतर खरा चढ लागतो, तिथे फोर-लो टाका आणि चालण्याच्या स्पीडने जा. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. वळणाआधी वर नजर टाका, कोणी उतरताना दिसलं तर रुंद जागा बघून थांबा, म्हणजे दरीच्या कडेने रिव्हर्स घ्यायची वेळच येत नाही. उतारावर आपला घाटातलाच नियम, चढताना जो गिअर तोच उतरताना, ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ते तापून जळका वास येतो आणि मग पकडच राहत नाही. आणि गवतावर चाक अजिबात घालू नका प्लीज, इतक्या उंचीवरचं गवत परत यायला कित्येक वर्षं लागतात!

खाली अ‍ॅनिमास फोर्क्स हे ओस पडलेलं खाणगाव लागतं, तिथे अर्धा तास तरी काढाच. 1879 चं ते बे विंडोवालं (भिंतीबाहेर आलेल्या खिडकीचं) लाकडी घर अजून उभं आहे. 1884 मध्ये इथे 23 दिवस वादळ चाललं, 25 फूट बर्फ पडलं, लोक बर्फात बोगदे खणून एका घरातून दुसऱ्या घरात जायचे.

इथून सिल्व्हर्टन 12 मैल, रस्ता सोपा. इंजिनिअर पास या दुसऱ्या खिंडीवरून थेट युरे गावाला उतरणारा फाटा मात्र पहिल्या वेळी घेऊ नका, तिथे खडकाच्या उंच पायऱ्या आहेत.