बेघरांसाठी बेळगाव-चंदगडनं मिळून काम कसं करायचं

स्टेशनवर झोपलेला माणूस कर्नाटकचा की महाराष्ट्राचा हे नंतर, आधी जेवला का ते विचारा. बेळगाव, निपाणी, चंदगड, गडहिंग्लजच्या कार्यकर्त्यांचा एक वॉट्सॲप ग्रुप करा, पण त्यात कुणाचा फोटो किंवा आजार टाकायचा नाही, अजिबात नाही. अन्न सुरक्षेचं रेशन कार्ड तिकडचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर इकडच्या दुकानातही धान्य मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. महापालिकेला अर्ज कन्नडमधूनही द्या. केंद्राच्या शहरी निवारा योजनेच्या नियमांत १ लाख लोकांमागे किमान १०० जणांची कायमची सोय सांगितलेली होती, २०११ च्या जनगणनेत बेळगाव ४.८८ लाख होतं, म्हणजे जवळपास ५०० जागा, हा हिशेब अर्जातच मांडा. आणि भाडं थकलेली घरं गल्लीतल्यांनाच आधी कळतात, ते बेघर व्हायच्या आधीच तिथं लगेच जावा.