बंड्याचं घासणं आणि आजीची बिस्किटं

आमचा कुत्रा बंड्या सहा वर्षांचा, रस्त्यावरून आणलेला. पावसाळ्यात कोथरूडच्या घरात फरशीवर ढुंगण घासत फिरू लागला. "जंत झालेत," आईचा निकाल. जंताचं औषध दिलं, फरक शून्य. मग सोफ्याला सुक्या बोंबलाचा वास यायला लागला (आम्ही शाकाहारी!), तेव्हा डॉक्टर गाठले.

त्यांनी हातमोजा घालून दाखवलं: गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळातल्या ४ आणि ८ च्या जागी, उग्र वासाच्या द्रवाची एकेक छोटी पिशवी असते. शी घट्ट असली की जाताजाता तिच्या दाबानं ती रिकामी होते. बंड्याची शी महिनाभर पातळ. आजी रोज चहात बुडवून बिस्किटं भरवत होती, हे तेव्हा उघडकीला आलं.

पिशव्या डॉक्टरांनीच रिकाम्या केल्या. व्हिडिओ बघून घरी दाबू नका, आत इजा होते. बिस्किटं बंद केली, जेवणात दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, मीठ-फोडणी न घालता. दोन आठवड्यांत घासणं थांबलं. सूज, रक्त किंवा पू दिसला तर मात्र भोपळ्यावर विसंबू नका, गळू असू शकतं. मांजरांनाही हा त्रास होतो. ती बऱ्याचदा तिथे सारखी चाटत बसतात.

आजी अजून रुसलेलीच आहे.