जपानी लष्करी साके पेले: या चुका टाळा

‘कामिकाझे (आत्मघातकी) वैमानिकाचा शेवटचा पेला’ असं शीर्षक लावून विकायला ठेवलेल्या साकेच्या (तांदळाच्या जपानी दारूच्या) पेल्यावरची अक्षरं वाचली, तर बहुतेक वेळा ‘जोताई किनेन’ लिहिलेलं सापडतं. म्हणजे लष्करी सेवेतून सुटल्याची आठवण. माणूस सेवा संपवून, धडधाकट अवस्थेत घरी आला, त्या आनंदात वाटलेला पेला, आणि विकणारा त्याला मरायला पाठवून किंमत तिप्पट लावतो.

हे पेले (साकाझुकी) मुळात परतीचा आहेर आहेत. जपानमध्ये १८७३ साली सक्तीची लष्करभरती आली. गावातला मुलगा पलटणीत जायला निघाला की शेजारीपाजारी, नातेवाईक त्याच्या हातावर पैसे ठेवत. त्याला सेनबेत्सु म्हणतात. सेवा संपली की तो पलटणीचा क्रमांक आणि स्वतःचं नाव घालून पेले बनवून घ्यायचा आणि त्या सगळ्यांना वाटायचा. हे सरकारी सामान नव्हे, पदक तर नव्हेच. कामिकाझे हल्ले सुरू झाले ऑक्टोबर १९४४ मध्ये. त्याआधीच, जुलै १९४० मध्ये, जपान सरकारने चैनीच्या वस्तूंच्या उत्पादनावर निर्बंध आणले होते. उड्डाणापूर्वी निरोपाचा घोट घेत हे खरं, पण सोनेरी किनारीचा, नावानिशी भाजलेला पेला त्या घोटासाठी बनलेला नाही. त्यामुळे ‘कामिकाझे’ हा शब्द दिसला की आधी पेला उलटसुलट करून नाव आणि पलटण वाचावी. ‘कोहिमाच्या रणांगणावर सापडला’ ही कथाही याच जातीची. वाटलेला पेला जपानमधल्या कपाटात राहायचा, सैनिकाच्या पाठपिशवीत नाही.

डावीकडून वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि हल्ली ती मोबाइलच्या कृपेने वाढली आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानी आडवा मजकूर बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे लिहीत. भाषांतराचं ॲप तो बिनदिक्कत डावीकडून वाचतं.

एक ठरलेला घोळ बघा. पेल्यावर ओळीने तीन अंक दिसतात. डावीकडे चौकट आणि तिच्या आत दोन पाय: हा चार. मध्ये अधिकचं चिन्ह: दहा. उजवीकडे तीन आडव्या रेघा: तीन. डावीकडून वाचलं तर ‘चार-दहा-तीन’, म्हणजे ४३. उजवीकडून वाचलं तर ‘तीन-दहा-चार’, म्हणजे ३४. दोन्ही क्रमांकांच्या पायदळ पलटणी खरोखर होत्या. ३४ वी शिझुओकाची, ४३ वी शिकोकू बेटावरची. त्यामुळे चुकीचं उत्तरही शोधून बघितल्यावर बरोबरच वाटतं. मग त्या पलटणीचा इतिहास शोधला जातो, कार्ड छापलं जातं, पेला त्या कार्डासकट पुढच्याला विकला जातो, आणि तोही ते कार्डच वाचतो.

उपाय सोपा आहे. अंक आधी वाचायचेच नाहीत. क्रमांकाच्या आधी सहसा ‘दाई’ (क्रमवाचक) हे अक्षर असतं आणि नंतर ‘रेनताई’ (पलटण). ‘दाई’ कुठल्या टोकाला आहे ते बघा. वाचन तिथून सुरू. हे दोन शब्द डोळ्यांत बसवायला एक संध्याकाळ पुरते, पण तेवढा धीर नसलेलेच लोक हा छंद सर्वांत उत्साहाने सुरू करतात.

पायदळ ‘होहेई’ आणि तोफखाना ‘होऽहेई’, हा उच्चारातला गोंधळ नेहमीचा. कानावर भरवसा ठेवू नका, अक्षर बघा. तोफखान्याच्या अक्षरात डाव्या अंगाला ‘दगड’ हे चिन्ह असतं.

पेल्यावरचं साल सम्राटाच्या कारकिर्दीनुसार असतं, त्याचा हिशेब पाठ करून टाका: मेइजी अधिक १८६७, ताइशो अधिक १९११, शोवा अधिक १९२५. मेइजी ३८ म्हणजे १९०५, रशियाशी युद्ध संपलं ते साल. शोवा ११ म्हणजे १९३६. शोवाचं पहिलं वर्ष अवघं सात दिवसांचं होतं, २५ ते ३१ डिसेंबर १९२६. त्या सालाचा पेला समोर आला तर घाई करू नका. साल आणि तुकडी एकमेकांशी जुळतात का तेही ताडून बघा. १९२५ च्या लष्कर-कपातीत १३, १५, १७ आणि १८ या डिव्हिजन बरखास्त झाल्या आणि १९३७-३८ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हा शोवा ७ (१९३२) चा ‘पंधराव्या डिव्हिजनचा’ पेला कुणी दाखवला, तर एक तर वाचणारा चुकला आहे किंवा बनवणारा.

फुटकळ, पण रोजच्या

पाच टोकांचा तारा म्हणजे भूदल. जहाजाचा नांगर आणि चेरीचं फूल एकत्र म्हणजे नौदल. नुसतं चेरीचं फूल काहीच सिद्ध करत नाही.

प्रत्येक राजचिन्ह लष्करी नसतं. किरीच्या (पॉलोनिया झाडाच्या) पानाफुलांचं चिन्ह असलेले लाखेचे लाकडी पेले सरकार नागरी कामासाठीही देत आलं आहे, आजही देतं. शंभरी गाठलेल्या वृद्धांना १९६३ पासून चांदीचा पेला मिळायचा, २०१६ पासून चांदीचा मुलामा दिलेला मिळतो. आजोबांच्या शंभरीचा पेला ‘जनरलचा’ म्हणून विकत घेऊ नका.

किरी लाकडाची पेटी म्हणजे पुरावा नव्हे. पेला पेटीत खुळखुळत असेल तर ती जोडी नंतर कुणीतरी लावून दिलेली आहे.

नकली ओळखताना फक्त ‘नवं दिसतं’ यावर जाऊ नका. दहापट भिंग घ्या. चित्र चार रंगांच्या बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ते आधुनिक छपाईचं स्टिकर आहे, विषय संपला. मात्र ठसा उमटवलेलं चित्र दिसलं म्हणून पेला खोटा ठरत नाही. तांब्याच्या पत्र्यावरून छापण्याची आणि स्टेन्सिलची पद्धत जुन्या पेल्यांवरही होती. बुडाची बिनझिलईची कडा बघा. खरी झीज कडेच्या उंचवट्यांवरच असते, तर चहाच्या पाण्याने आणलेली ‘जुनी’ छटा खोलगट भागातही सारखी बसलेली असते. पलटणीच्या ‘रेन’ला युद्धानंतरचं सोपं रूप असेल तर संशय घ्या. निकाल मात्र तेवढ्यावर देऊ नका.

घासणं

पेला हातात आला की घासायची खुमखुमी कशी काय येते, देव जाणे. पेल्यावरचा तारा, किनार आणि बरीचशी अक्षरं झिलईच्या वर, सोनेरी रंगात काढून हलक्या आचेवर भाजलेली असतात. तो थर अतिशय पातळ आणि मऊ असतो. टूथपेस्ट, राख, चिंच-मीठ, भांड्यांची काथ्या, यातलं काहीही लावलं की आधी सोनं जातं, मग अक्षराचा गाभा. एकदा नाव पुसलं की पेल्याची ओळखच गेली. भिंगाखाली तिथे निस्तेज, किंचित खरबरीत सावली उरलेली दिसते. तिरप्या उजेडात धरल्यावर कधीकधी नाव वाचता येतं, तेवढंच समाधान.

कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांची पेरं. सोनेरी भागावर नुसतं पाणी ओतायचं, चोळायचं नाही. मऊ सुती कापडाने टिपायचं. मात्र धुण्याआधी पेला बोटाच्या टोकावर तोलून नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर केसासारखी चीर आहे. मग पेला पाण्यात बुडवायचा नाही, नाहीतर मळ चिरेत शिरून काळी रेघ कायमची बसते. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारला तर टवक्यावर भरलेलं रेझिन बहुधा आजूबाजूपेक्षा वेगळं चमकतं.

लाखेचे पेले भिजत घालू नका, उन्हात ठेवू नका आणि एसीच्या थेट झोतात तर नाहीच. कोरड्या हवेत आतलं लाकूड आकसतं आणि लाखेला तडे जातात. त्यांना बबल रॅप लावून वर्षभर ठेवलं की लाखेवर बुडबुड्यांचे गोल ठसे उठतात, ते जात नाहीत. आम्लमुक्त कागद किंवा धुतलेलं जुनं मलमल वापरा. पोर्सेलिनचे (चिनी मातीचे) पेले एकात एक रचायचेच असतील तर प्रत्येक दोनांमध्ये त्याच मलमलीचा तुकडा घाला, आणि एका चळतीत चारांच्या वर नको.