पॅकनेच बटर लावायचंय? मग डिझाइन करताना या चुका टाळा

एका वेळेला पुरेल एवढं बटर, जॅम, चीज स्प्रेड किंवा पीनट बटर छोट्या पॅकमध्ये द्यायचं आणि तो पॅक उघडला की त्याचाच एखादा भाग सुरीसारखा वापरता यावा, वेगळी सुरी शोधायला नको, ही आयडिया ऐकायला इतकी सोपी वाटते की लोक पटकन स्केच काढतात, थ्रीडी प्रिंट करतात, फोटोही मस्त येतो, आणि मग खऱ्या मशीनवर, फ्रीजमधून काढलेल्या खऱ्या बटरबरोबर सगळं फसतं. फसण्याची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात. सगळ्यात मोठं कारण आधीच सांगतो कारण बाकीच्या निम्म्या चुका तिथूनच निघतात: बोटं कुठे लागणार आणि खाणं कुठे लागणार, ही रेघ कोणी आखतच नाही.

हाताची बाजू आणि खाण्याची बाजू

पॅकची बाहेरची बाजू कारखान्यातून खोक्यात, तिथून गोदामात, मग ट्रेवर आणि चार जणांच्या हातात फिरून आलेली असते. ती थेट बटरमध्ये घालायला लावणारं डिझाइन म्हणजे चूक, दिसायला कितीही स्मार्ट असू दे. तरी सगळ्यात जास्त दिसणारं स्केच हेच असतं, झाकण सोला, दुमडा, आणि त्यानेच लावा. यात अजून एक अडचण आहे जी प्रिंटिंगवाला लगेच सांगेल पण डिझायनरला उशिरा कळते, बाहेरच्या बाजूला शाई असते आणि ती शाई खाण्याला थेट लागायला म्हणून बनवलेली नसते. इतकंच नाही, झाकणाचं मटेरियल रोलवर गुंडाळलेलं असतं, म्हणजे एका थराची छापलेली बाजू दुसऱ्या थराच्या आतल्या बाजूला आठवडेच्या आठवडे चिकटून बसलेली असते आणि शाईतले बारीक घटक आत उतरू शकतात. म्हणून लो-मायग्रेशन शाई, म्हणजे जिचे घटक कमीत कमी उतरतात अशी, तर वापराच, पण पातं जिथे येणार तेवढा भाग दोन्ही बाजूंनी कोरा ठेवा. ब्रँडिंगवाले कुरकुर करतील, करू द्या.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे अख्खी छोटी सुरी खाण्यातच बुडवून सील करणं. मग ती बाहेर काढायला बोटं बटरमध्ये घालावी लागतात आणि मूठ निसरडी झाली की लावणं सोडाच, धरताही येत नाही.

यातून मार्ग एकच मला पटतो, सीलची रेघ हीच हाताची आणि खाण्याची हद्द करायची. पातं सीलच्या आत, मूठ सीलच्या बाहेर. झाकण कडक शीटचं घ्यायचं, त्याचा आतला भाग पात्याच्या आकाराचा आणि एका बाजूने बाहेर आलेली जीभ म्हणजे मूठ, ती धरून ओढली की झाकण सोलून निघतं आणि हातात आपोआप सुरी येते. उघडणं आणि सुरी धरणं ही एकच हालचाल झाली पाहिजे. दोनदा हात बदलावा लागला तर माणूस ते पातं विसरतो आणि सरळ बोटाने किंवा दुसऱ्या कशाने तरी लावतो, हे लोकांना वापरताना बघितलं की लगेच दिसतं.

आणि हो, लावून झाल्यावर ते बरबटलेलं पातं ठेवायचं कुठे हाही प्रश्न डिझाइनचाच आहे. मूठ कपाच्या कर्णापेक्षा आखूड असली की सगळं घसरून आत पडतं. मूठ लांब ठेवा नाहीतर काठाला एक छोटी खाच द्या, काम होतं.

पातं वाकतं, आणि वाकणारच

झाकणाचं ॲल्युमिनियम फॉइल साधारण ३० ते ४० मायक्रॉन असतं. त्याचं पातं होत नाही, चार वेळा दुमडलं तरी नाही. इथे थोडं गणित डोक्यात असू द्या, पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की पट्टी आठपट कडक होते, आणि लांबीचं तसंच पण उलटं, लांबी दुप्पट केली की टोक तेवढ्याच जोराने आठपट जास्त वाकतं. मटेरियल बदलून मिळणारा फरक त्यामानाने लहान असतो. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा कडकपणा साधारण ३ गिगापास्कल, पॉलिप्रॉपिलीनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये गेलात तर जाडी साधारण सव्वापट केली की हिशोब परत जुळतो. त्यामुळे आधी महागडं मटेरियल शोधत बसू नका, आधी पातं आखूड करा.

थर्मोफॉर्मिंगमध्ये अजून एक गोष्ट हमखास विसरली जाते. शीट गरम करून साच्यात ओढली की भिंती आणि तळाचे कोपरे पातळ होतात, जितका कप खोल तितके जास्त पातळ, पण वरचा सपाट काठ, ज्याला फ्लँज म्हणतात, तो मूळ शीटएवढाच जाड राहतो. कपाच्या तळाचा किंवा भिंतीचा भाग तोडून त्याचं पातं करायचं असं डिझाइन असेल तर तुम्ही पॅकमधली सगळ्यात लेचीपेची जागा निवडलेली आहे. पातं फ्लँजमधून काढा. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, सगळीकडे एकच जाडी दिसते त्यामुळे हे लक्षात येत नाही, सॅम्पल कापून मायक्रोमीटर लावला की कळतं.

कडकपणा वाढवायचा स्वस्त उपाय म्हणजे रुंदीच्या दिशेने हलकी गोलाई. स्टीलची मेजरिंग टेप जशी त्या गोलाईमुळे हवेत सरळ उभी राहते तसंच. पण ही गोलाई मुठीत आणि मानेतच ठेवा, टोकापर्यंत नेली तर ब्रेडवर मधे जाड पट्टा आणि बाजूला काहीच नाही असं होतं. टोक सपाट आणि थोडं लवचिकच पाहिजे, म्हणजे ते ब्रेडला टेकून तिरकं झोपतं.

टेस्ट कुठल्या तापमानाला करताय हेही बघा. बटर १८-२० अंशाला लोण्यासारखं पसरतं आणि ४-५ अंशाला तेच दगडासारखं असतं, आणि लोकांच्या हातात ते बहुतेक वेळा थंडच पडतं. मऊ बटरवर पास झालेलं डिझाइन हे पास झालेलं डिझाइन नाही. पीनट बटर वेगळंच त्रास देतं, त्याचं तेल वर येतं आणि खालचा भाग घट्ट होतो, म्हणजे पहिला घास पातळ आणि शेवटचा पातं वाकवणारा.

कट्‌कन तुटणारे डिझाइन

काही जण पातं कपाच्या काठालाच जोडलेलं ठेवतात आणि वाकवून तोडायला लावतात. इथे मटेरियलची निवड अगदी निर्णायक आहे. पॉलिस्टायरीन ठिसूळ, त्यामुळे अर्धवट चिरलेल्या रेघेवर ते स्वच्छ तुटतं. पॉलिप्रॉपिलीन तुटतच नाही, पांढरं पडतं, वाकत राहतं, म्हणूनच तर फ्लिप-टॉप झाकणांचे बिजागर त्याचेच करतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तोडायचं पातं काढायचं म्हटलं तर चिरण्यापेक्षा छोटे छोटे जोड ठेवून मधे पूर्ण कापायचं हा मार्ग बरा.

पण पॉलिस्टायरीनलाही एक खोट आहे, तेल-चरबी लागलेल्या जागी ताण असला तर ते कालांतराने आपोआप तडकतं. म्हणजे चिरलेली रेघ आणि बटर एकमेकांना लागले की दुकानाच्या फळीवर बसल्या बसल्या गळती सुरू. चिरलेली रेघ नेहमी सीलच्या बाहेरच ठेवा, हा नियम मोडू नका. आणि तुटलेली कडा ओठाला लागणार आहे हे धरूनच चाला. तुटताना जे टोकदार खुंट राहतात ते मुठीच्या बाजूला येतील असं करा, पात्याच्या बाजूला कधीच नाही. लहान मुलांच्या हातात जाणार असेल तर तुटणारा तुकडा किती मोठा आहे तेही बघा, खेळण्यांसाठी ३१.७ मिमी व्यासाचं जे सिलिंडर वापरतात त्यात तो पूर्ण मावत असेल तर तो गिळला जायचा धोका आहे असं समजून डिझाइन बदला.

कप एक सांगतो आणि पातं दुसरंच

पात्याच्या टोकाची गोलाई आणि कपाच्या तळाच्या कोपऱ्याची गोलाई जुळत नसेल तर प्रत्येक कपात थोडं थोडं राहतं. १५ ग्रॅमच्या कपात २ ग्रॅम राहिलं म्हणजे १३ टक्के माल कचऱ्यात गेला, आणि पॅक रिसायकल करणंही त्यामुळे अवघड होतं. कप खोल आणि अरुंद करण्यापेक्षा उथळ आणि पसरट करा, कोपरे पात्यापेक्षा थोडे जास्त गोल ठेवा.

पात्याची रुंदी ठरवताना लोक दिसण्यावर जातात, त्यापेक्षा असा हिशोब करा. १० ग्रॅम बटर म्हणजे साधारण ११ घन सेंटिमीटर, आणि ब्रेडची स्लाइस १० बाय १० सेंटिमीटर धरली तर एक मिलिमीटरचा थर बसतो. दीड सेंटिमीटरच्या पात्याने तो थर लावायला एकमेकांशेजारी सात पट्टे मारावे लागतात, तेही प्रत्येक पट्टा पहिल्याच फटक्यात नीट बसला तर, आणि प्रत्येक जादा फटक्याला ब्रेड फाटायचा धोका वाढतो. तीन सेंटिमीटर असेल तर काम निम्म्यावर येतं. पण रुंद पातं म्हणजे मोठं झाकण, मोठं झाकण म्हणजे जास्त लांब सील, हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे म्हणून आकार ठरवायला पातं आधी घ्या आणि कप त्याच्याभोवती काढा. बहुतेक जण कप आधी काढतात आणि उरलेल्या जागेत पातं कोंबतात.

कागद, लाकूड, बायोप्लॅस्टिक

प्लॅस्टिक नको म्हणून कागदाकडे वळणं चांगलंच आहे, फक्त डोळे उघडे ठेवून वळा. पेपरबोर्डला धाग्यांची दिशा असते आणि मशीनच्या दिशेने तो आडव्यापेक्षा बराच जास्त कडक असतो, पातं आडवं कापलंत तर तोच बोर्ड निकामी वाटेल. ओलाव्यासाठी कॉब टेस्ट आणि तेलासाठी किट टेस्ट करून घ्या, जॅमला पहिली महत्त्वाची आणि बटरला दोन्ही. कापलेली कडा उघडी असते, पाणी तिथूनच शिरतं, वरचं कोटिंग कितीही भारी असलं तरी. आणि तेल अडवायला पूर्वी सर्रास पीफॅस ही सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरायचे त्याचा विचारही नको, युरोपियन युनियनमध्ये अन्नाला लागणाऱ्या पॅकेजिंगमधल्या पीफॅसवर १२ ऑगस्ट २०२६ पासून मर्यादा ठरलेल्या आहेत.

लाकडी पातं हाताला छान लागतं, पण कुसं निघणार नाहीत एवढं घासलेलं हवं आणि खाण्यात बुडून महिनोन्‌महिने राहिलं तर चव उतरते, म्हणून ते कोरडंच ठेवा.

पीएलए हे मक्यासारख्या पिकांपासून बनणारं बायोप्लॅस्टिक साधारण ५५ ते ६० अंशाला मऊ पडतं. जॅम गरम भरायचा असेल तर साध्या पीएलएचा कप लाइनवरच बसका होईल, आणि उन्हात उभ्या ट्रकमध्येही भरवसा नाही.

नियमांचं थोडक्यात सांगायचं तर विकणार त्या देशात तुमचं पातं पॅकेजिंगमध्ये धरतात की कटलरीत, हे टूलिंगचा, म्हणजे साचे बनवायचा, खर्च करायच्या आधी लेखी विचारून घ्या. युरोपियन युनियनने प्लॅस्टिकच्या एकवेळच्या सुऱ्या-चमच्यांवर ३ जुलै २०२१ पासून बंदी आणली आहे, आणि हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या जॅम, सॉस, साखर यांच्या एकवेळच्या प्लॅस्टिक पॅकवर १ जानेवारी २०३० पासून, काही अपवाद सोडून, बंदी येते आहे. नवं डिझाइन आज सुरू करणाऱ्याला ही तारीख अजिबात लांब नाही.

सॅम्पल हातात आहे आणि काहीतरी बिघडतंय?

झाकण अर्ध्यात फाटतंय किंवा दोन थर सुटतायत तर सील जास्त घट्ट झालंय, आधी सीलिंगचं तापमान आणि दाब कमी करून बघा, मग लॅकर, म्हणजे झाकणाच्या आतला सील चिकटवणारा थर, बदला. सुरुवातच होत नाही पण एकदा सुटलं की सहज निघतं असं असेल तर ओढायच्या बाजूचं सील टोकदार करा, जोर एका बिंदूवर येतो आणि सुरुवात हलकी होते. उघडताना झटका बसून शिंतोडे उडतात तेव्हा बहुतेक वेळा आत हवा जास्त असते. विमानात तर हे नक्कीच होतं, केबिनचा दाब साधारण २४०० मीटर उंचीवरच्या हवेएवढा असतो त्यामुळे कपातली हवा जवळपास एक तृतीयांशने फुगू पाहते आणि झाकण ढोलासारखं ताणलं जातं. हवेची जागा कमी करा आणि सॅम्पल व्हॅक्यूम चेंबरमध्ये पाण्याखाली धरून बुडबुडे येतात का ते बघा, त्याच टेस्टमध्ये चिरलेल्या रेघेची गळतीही सापडते.

ब्रेड फाटतोय तर दोष नेहमी बटरचाच नसतो, पात्याच्या कडेवर बोट फिरवा, डाय-कटची, म्हणजे डायने कापताना राहिलेली, बारीक धार लागेल. ती मारून कडा गोल करा. पात्याच्या कडेला चिकट तंतू दिसतायत, ते सीलच्या लॅकरचे आहेत आणि ते खाण्यात जाणार, त्यामुळे तिथे तडजोड नको, दुसरं पील सिस्टीम, म्हणजे सोलून निघणाऱ्या सीलची दुसरी पद्धत, घ्या.

आणि टेस्ट करायला फक्त ऑफिसमधले तरुण हात घेऊ नका. सांधे दुखणारे, डावखुरे, ओल्या हातांचे, एकाच हाताने काम करणारे अशा लोकांना काहीही न सांगता पॅक द्या आणि गप्प बसून बघा. उघडायला सोप्या पॅकेजिंगसाठी आयएसओ १७४८० हे स्टँडर्ड २०१५ पासून आहे, त्यात माणसांकडून चाचणी कशी करायची तेही दिलंय. मूठ निदान अंगठ्याच्या पेराएवढी रुंद नसेल तर यातले बरेच जण पहिल्याच पायरीला दात लावतील, आणि दात लागला की पुढची सगळी स्वच्छता तिथेच संपते.