सोया दूध आणि सोया पनीरसाठी सोयाबीनचे वाण कसे निवडावे

विदर्भात सोयाबीन पिकते ते प्रामुख्याने तेल आणि पेंडीसाठी. बाजार समितीत त्याचा भाव ओलावा, डागी दाणे आणि काडीकचरा पाहून ठरतो. दाण्यात प्रथिने किती आहेत, हे तिथे कोणी विचारत नाही. त्यामुळे दूध आणि पनीर करणाऱ्या बचत गटाला किंवा कुटुंबाला आपला माल स्वतःच्या कसोटीवर निवडावा लागतो.

पहिली कसोटी दाण्याची. दाणा टपोरा, पिवळा आणि पातळ सालीचा असावा, कारण मोठ्या दाण्यात सालीचे प्रमाण कमी असते. दाण्याचा डोळा, म्हणजे दाणा शेंगेला जिथे जोडलेला असतो तिथली खूण, शक्यतो फिकट असावा. काळ्या डोळ्याच्या दाण्याचे दूध चवीला वाईट नसते, परंतु पनीरावर करडी छटा येते आणि ग्राहक ती लगेच हेरतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे पेरले जाणारे जेएस ३३५ हे वाण मध्यम दाण्याचे आणि काळ्या डोळ्याचे आहे. घरच्या वापरासाठी ते पुरेसे चांगले आहे, पण विक्रीच्या पनीरासाठी फिकट डोळ्याचा दाणा शोधलेला बरा.

दुसरी बाब वासाची. सोयाबीन थंड पाण्यात दळले की लायपॉक्सिजिनेज नावाची विकरे दाण्यातील तेलावर काम करतात आणि दुधाला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो. ट्रिप्सिन इनहिबिटर हा घटक वेगळा असून तो प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने यावर खास वाण दिले आहेत: एनआरसी १२७ मध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर (या घटकाचा एक प्रकार) नाही, तर एनआरसी १४२ मध्ये तो नाही आणि लायपॉक्सिजिनेज-२ सुद्धा नाही. दुधाचा व्यवसाय करायचाच असेल, तर यांपैकी एखादे वाण स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात वेगळे पेरावे आणि सोंगणीपासून साठवणीपर्यंत वेगळेच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. तरीही अशा वाणांत बाकीची विकरे आणि दुसऱ्या प्रकारचे इनहिबिटर शिल्लक असतात, म्हणून उकळत्या पाण्यात दळणे आणि दूध किमान १५ मिनिटे उकळणे टाळता येत नाही.

पनीराचा उतारा आणि घट्टपणा प्रथिनांवर अवलंबून असतो. सोयाबीनमध्ये प्रथिने साधारण ४० टक्के आणि तेल २० टक्के असते. प्रथिने जास्त असलेले वाण पनीराला सरस. हे नजरेने कळत नाही, म्हणून छोटी चाचणी घ्यावी. प्रत्येक वाणाचे २०० ग्रॅम निवडलेले दाणे रात्रभर भिजवावेत (उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, नाहीतर पाणी आंबते). फुगल्यावर वजन दुपटीहून थोडे अधिक भरले पाहिजे आणि न भिजलेले कडक दाणे मोजून बाजूला काढावेत. मग सर्वांना सारखेच पाणी, सारखीच उकळी, दूध फाडायला तेवढेच लिंबू किंवा खाण्यायोग्य जिप्सम आणि सारख्याच वजनाचा दाब देऊन पनीर तोलावे. एक किलो दाण्यांमागे दीड ते दोन किलो पनीर उतरले, तर माल चांगला समजावा.

वाण उत्तम असूनही माल खराब निघू शकतो. सोंगणीनंतर गंजी पावसात भिजली असेल, दाणे जांभळट किंवा सुरकुतलेले असतील, तर तो माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आपल्याकडचा उन्हाळा पत्र्याच्या खोलीत काढलेल्या दाण्यांतील प्रथिने पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि पनीर कमी उतरते. म्हणून दिवाळीच्या सुमारास नवा माल घ्यावा, तो १० ते १२ टक्के ओलाव्यावर आणून थंड, कोरड्या खोलीत लाकडी फळ्यांवर रचावा आणि पोत्यांवर वाण व वर्ष लिहावे.

पेरणीनंतर उरलेले, बुरशीनाशक चोळलेले रंगीत बियाणे मात्र धुऊनसुद्धा खाण्यासाठी वापरू नये. ते विषारी असते.