गंजून अडकलेला पिस्टन बोअरमधून कसा काढायचा

पिस्टन जाम झालेलं इंजिन समोर आलं की आधी एक गोष्ट ठरवून टाका: वाचवायचा आहे तो ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य अंग. पिस्टन आणि रिंगा गेल्या असंच समजून चालायचं. अनेक वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीतला पिस्टन सबंध निघाला तरी रिंगांच्या खाचा खाल्लेल्या असतात आणि तो परत बसवण्याच्या लायकीचा क्वचितच उरतो. बोअर (पिस्टन सरकतो ती सिलिंडरची आतली पोकळी), क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि या दांड्याला पिस्टन जोडणारा कनेक्टिंग रॉड मात्र बिघडवायला सोपे आणि दुरुस्त करायला महाग. त्यामुळे जोर लावायची वेळ आली की तो पिस्टनवर पडावा, बाकी कशावर नाही.

मुळात पिस्टनच अडकला आहे ना, हे तपासा. गिअर न्यूट्रलला घ्या. सगळे बेल्ट काढा, कारण जाम झालेला वॉटर पंप किंवा अल्टरनेटरही क्रँक धरून ठेवतो. स्टार्टर उतरवा, त्याचा दाता फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकून बसलेला असू शकतो. मग सगळे स्पार्क प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल भरलं असेल तर इंजिन हटत नाही, आणि प्लग काढताच ते बाहेर उडून क्रँक फिरू लागतो. एवढं करूनही इंजिन हलत नसेल तरच हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायच्या तयारीला लागा.

हेडचे बोल्ट कसण्याच्या उलट क्रमाने, कडेकडून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत ढिले करा. एकदम एक बोल्ट पूर्ण सोडला तर हेड वाकतं.

हेड निघालं की दोषी सिलिंडर बहुधा नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो. बंद इंजिनात कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेलाच असतो. तिथून दमट हवा शिरते आणि बिडाच्या रिंगा व बिडाचा बोअर एकमेकांना धरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो रिंगभोवती पाचरीसारखा ठोकून बसतो. म्हणूनच चारही पिस्टन अडकलेले फार कमी दिसतात; एक किंवा दोन असतात.

खात्रीसाठी ऑइल पॅन काढून बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, टोप्या सोडा. प्रत्येक टोपीवर आणि तिच्या रॉडवर एकाच बाजूला नंबर लिहा, कारण टोप्या अदलाबदल झाल्या किंवा उलट्या बसल्या तर बेअरिंग टिकणार नाही. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) ओरखडे पडतील. आता हातोडीचा लाकडी दांडा खालून लावून एकेक पिस्टन वर ढकला. जो हाताने सरकला तो निर्दोष. सरकलेले पिस्टन बाहेर काढण्याआधी बोअरच्या तोंडाशी नख फिरवून बघा. वरची रिंग जिथे थांबते तिच्या वर न झिजलेल्या धातूची कडा राहिलेली असते. ती रिज रीमरने कापा, पण रिंगच्या वाटेत ०.८ मि.मी.पेक्षा खाली जाऊ नका. कडा तशीच ठेवून ठोकलं तर रिंग तिथे अडते आणि पिस्टनचा काठ फुटतो.

अडकलेला पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर त्याचीही टोपी सुटते. मग मेन बेअरिंगच्या (क्रँक ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) टोप्या काढून क्रँकच बाहेर घ्या. यापुढचं काम निम्मं सोपं होतं. अर्ध्या वाटेवर अडकलेल्याची टोपी कधी कधी पान्याला लागतच नाही. तिथे क्रँक जागेवर ठेवूनच सुरुवात करावी लागते, त्याबद्दल पुढे.

भिजवणं

पिस्टनच्या वरच्या मोकळ्या बोअरमधला गंज आधी साफ करा. हे काम बरेच जण टाळतात आणि मग पिस्टन वर येताना त्याच गंजात पुन्हा रुततो. १२० नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून गोल घासा आणि सुटलेली भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या. ती रिंगच्या फटीत बसली तर तेल खाली उतरणार नाही.

भिजवायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं घ्या. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतण्याआधी दर वेळी बाटली हलवा. पिस्टनवर ३० ते ५० मि.ली. ओता आणि अ‍ॅसिटोन उडू नये म्हणून बोअरवर झाकण ठेवा. अ‍ॅसिटोनची वाफ थंडीतही पेट घेते. जवळपास ज्योत, हीटर किंवा ग्राइंडर नको, दारं-खिडक्या उघडी हवीत. अ‍ॅसिटोन मिळत नसेल तर डिझेल आणि तेलाचं मिश्रणही चालतं, फक्त जास्त दिवस लागतात. व्हिनेगरच्या वाटेला जाऊ नका. ते गंजाबरोबर बोअरही खातं.

इंजिन तिरकं बसत असेल तर स्टँडवर फिरवून तो सिलिंडर सरळ उभा करा, नाहीतर सगळं तेल एकाच बाजूला साचेल आणि दुसरी बाजू कोरडी राहील. दोन दिवस वरून भिजवलं की ब्लॉक उलटा करून स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) बाजूनेही भिजवा. तेलाची पातळी रोज बघा. ती उतरू लागली म्हणजे रिंगभोवती वाट झाली. चार दिवस हा किमान काळ, दोन आठवडे लागले तरी नवल नाही. या कामात बिघाड होतो तो बहुतेक तिसऱ्या दिवशी घण उचलल्यामुळे.

ठोकणं

टणक लाकडाचा गोल ठोकळा करून घ्या. बोअर ८० मि.मी.चा असेल तर ठोकळा ७६ ते ७८ मि.मी.चा, लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून. घाव पिस्टनच्या काठाजवळ पसरला पाहिजे. मधोमध लहान तुकडा ठेवून मारलं तर माथा दबतो, काठ बाहेर फुगतो आणि पिस्टन आणखी घट्ट होतो. दोन किलोची हातोडी पुरे. जोराचा एक घाव नको, हलके पन्नास हवेत. कंपनाने गंजाची पकड तुटते आणि तेल आत जातं.

क्रँक बाहेर असेल तर पिस्टन आधी खाली, मग वर, असा हलवायचा. केसभर हलला तरी थांबा, तेल घाला, उलट दिशेने मारा. मात्र खाली सरकवताना रिंगा बोअरच्या खालच्या तोंडाबाहेर पडू देऊ नका. त्या उघडतात, परत आत जात नाहीत, आणि मेन बेअरिंगच्या भिंतींमुळे पिस्टन खालून निघतही नाही. शेवटी बाहेर यायचं ते वरूनच. खालून मारताना रॉड एका बाजूला कलवून लाकूड गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) जाड बुशांना टेकवा. स्कर्टचा पातळ काठ लगेच फुटतो. रॉडवर तर मारूच नका.

क्रँक आत असेल तर वरून ठोकताना कुणीतरी क्रँकच्या बोल्टवर साधारण ६० सें.मी.चा दांडा लावून मागे-पुढे झुलवत राहावं. पिस्टन अर्ध्या वाटेवर असताना हे चांगलं चालतं. अगदी वर किंवा अगदी खाली असताना क्रँक आणि रॉड एका रेषेत येतात. वरून कितीही मारलं तरी घाव सरळ क्रँकवर जातो आणि पिस्टन हलत नाही. आणि दांड्याला लांब पाइप चढवायचा मोह आवरा. बोल्ट तुटतो, नाहीतर रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड बऱ्याचदा इंजिन सुरू केल्यावरच कळतो.

तरीही हलत नसेल तर

आता उष्णता. तापमानाच्या प्रत्येक अंशाला अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ८० मि.मी.चा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.१८ मि.मी. वाढतो, तेवढाच तापलेला बोअर ०.०९ मि.मी. वाढतो. म्हणजे तापल्यावर पिस्टन सुटत नाही, उलट आवळतो. उपयोग होतो तो नंतर: फुगताना तो गंजाचा थर चुरडतो आणि थंड होताना त्यापासून सुटतो. त्यामुळे तापवून लगेच मारू नका. आधी अ‍ॅसिटोनचं मिश्रण पूर्ण पुसून, वाफ उडून जाऊ द्या. मग हॉट एअर गनने माथा सावकाश तापवा, हात लावता येईल इतका निवू द्या, नुसतं तेल घाला आणि मग ठोका. असे तीन-चार फेरे करा. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर अ‍ॅल्युमिनियम लाल न होता अचानक वितळतं.

यानंतर दाब. डेकवर (ब्लॉकच्या हेड बसतं त्या सपाट तोंडावर) २० मि.मी. जाडीची लोखंडी पट्टी हेडच्या किमान चार बोल्टांनी बसवा, मध्ये जाड स्क्रू घ्या, आणि ठोकळ्यावर ताण देऊन रात्रभर ठेवा. सकाळी ठोकळ्यावर दोन टिचक्या. सततचा ताण आणि मधूनच धक्का ही जोडी नुसत्या जोरापेक्षा जास्त काम करते. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बोल्टांचे आटे उखडू शकतात, तिथे हात राखून.

हेड अजून उतरवलेलं नसेल आणि पिस्टन अर्ध्या वाटेवर असेल तर ग्रीस गन वापरता येते. जुन्या प्लगची पोर्सिलेन फोडून त्यात ग्रीस निपल बसवा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) ढिले करा, सिलिंडर तेलाने काठोकाठ भरा आणि सावकाश पंप मारा. ८० मि.मी.च्या पिस्टनवर ५० बार म्हणजे अडीच टन जोर, तोही सगळीकडे सारखा. इथे हवेचा कॉम्प्रेसर कधीही नको. दाबलेली हवा सुटते ती स्फोटासारखी. ग्रीसची धार कातडीत घुसली तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

ज्या इंजिनात पाण्यात बसणारे सुटे लायनर (बोअरच्या वेगळ्या नळ्या) असतात तिथे एवढा खटाटोपच नको. लायनर पिस्टनसकट वर ओढून काढा आणि दोघांना प्रेसवर वेगळं करा.

सगळं हरलं तर पिस्टन फोडा. माथ्यावर ८ मि.मी.ची भोकं ओळीने पाडा, बोअरच्या भिंतीपासून किमान १२ मि.मी. आत, गजन पिनच्या दोन्ही बाजूंना. मग छिन्नीने तुकडे आतल्या बाजूला पाडा. रिंगा शेवटी एका टोकाने आत वाकवून सोडवायच्या.

पिस्टन निघाल्यावर बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. जिथे रिंगा अडकल्या होत्या तिथे गोल खड्डे असतील. होन (बोअर घासायचं हत्यार) फिरवूनही नखाला ते लागले तर बोअर कापून मोठा करून ०.२५, ०.५० किंवा त्यापुढचा ओव्हरसाइझ पिस्टन घ्या. खड्डे त्याहून खोल असतील तर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये बसवायची नवी नळी. होननंतर बोअर पेट्रोलने नव्हे, गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवा. पांढरं फडकं काळं होईनासं होईपर्यंत. आणि पुसून झाल्याबरोबर तेल लावा, कारण उघड्या बिडावर नवा गंज तासाभरातही धरतो.