साठीत दुबईहून कायमचं परतताना: तिकिटाच्या तीन वर्षं आधीपासूनची तयारी

दुबई-शारजातून कायमचं परतायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती टीव्ही, सोनं आणि कार्गोची. ते सगळं शेवटच्या महिन्यातलं काम. ज्या गोष्टी वेळ खातात त्या वेगळ्याच असतात: आरोग्यविम्याला तीन वर्षं, परकीय चलनातल्या ठेवीला किमान एक वर्ष, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं चढायला किती, ते गावच्या तलाठ्यालाच माहीत. म्हणून ही यादी परतीच्या तारखेपासून मागे मोजत केली आहे. ती अमिरातीत नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांसाठी आहे. सौदी, कुवेत, ओमानचे कामगार कायदे वेगळे. मात्र भारताकडची बाजू त्यांनाही जवळपास तशीच लागू पडते.

सगळ्यात आधी विमा. कंपनीचं वैद्यकीय कार्ड व्हिसासोबत संपतं, आणि साठीला आलेल्या माणसाला बहुधा साखर किंवा रक्तदाब, नाहीतर दोन्ही असतात. भारतातल्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो. २०२४च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची सांधेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांनाही बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. हे घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून चालू होतं, परतल्या दिवसापासून नाही. तेव्हा परतायला तीन वर्षं असतानाच एका सुट्टीत पॉलिसी घ्या आणि एकही हप्ता न चुकवता चालू ठेवा. कंपनीचं कार्ड असताना दुसरा हप्ता कशाला भरायचा, हा प्रश्न इथेच महाग पडतो. वैद्यकीय तपासण्या भारतात कराव्या लागण्याची शक्यता धरून सुट्टीचे पहिले आठ-दहा दिवस त्यासाठी मोकळे ठेवा.

अर्ज स्वतः वाचून भरा. एजंट घाईत सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहून टाकतात आणि पुढे दावा नाकारला जातो तो त्याच ‘नाही’वर. साखरेसाठीची रोजची मेटफॉर्मिनची गोळी, दहा वर्षांपूर्वीचा स्टेंट, सगळं लिहा. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत उरत नाही. खोलीभाड्यावर मर्यादा असेल तर ती पॉलिसी टाळा. महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी आणि बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापून मिळतो. कोकणातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट बघावी. काही पॉलिसी शहरांचे विभाग पाडतात. चिपळूण किंवा दापोलीच्या पत्त्यावर स्वस्तात घेतलेल्या पॉलिसीवर मुंबईत ऑपरेशन केलं तर बिलातला काही वाटा खिशातून जातो. मोठ्या दुखण्याला मुंबईच गाठावी लागणार असेल तर हप्ता मुंबईच्या दरानेच भरलेला बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढाच दिलासा. घरात कोणी सत्तरी ओलांडलेली असेल तर उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. पाच लाखांचं संरक्षण मिळतं, त्यासाठी आधार लागतं, आणि ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं.

दोन वर्षं उरली की कागद हातात घ्या. भारतीय पासपोर्टवर आलेल्या अनिवासी माणसाला आधारसाठी आता १८२ दिवस थांबावं लागत नाही. सुट्टीत उतरल्यावर लगेच अर्ज करता येतो. आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे एकच आहे ना, ते अक्षर अक्षर जुळवून बघा. एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर, एवढ्यानेही केवायसी अडतं. तिन्हीकडे एकच भारतीय मोबाइल नंबर द्या आणि तो रिचार्ज करून जिवंत ठेवा. बंद पडलेला नंबर दुसऱ्याला दिला जातो आणि मग तुमचे ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या हातात.

वडिलांच्या पश्चात सातबारा आणि आठ-अ उताऱ्यावर वारसनोंद झालेली नसेल तर ती मार्गी लावा. घरपट्टी आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर तेही. यासाठी भावाला किंवा पुतण्याला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत उलटून गेल्याचं कळतं ते नेमकं दस्त नोंदवायच्या दिवशी. सर्वाधिकार देण्याचा मोह टाळा. वारसनोंद, वीजजोडणी अशी कामं नावानिशी लिहा आणि जमीन विकण्याचा अधिकार त्यात नको. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स बघा. संपून एक वर्ष उलटलं की नुसत्या नूतनीकरणावर भागत नाही, परत चाचणी द्यावी लागते.

एक वर्ष आधी पैशाची मांडामांड. इथे दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे फेमाप्रमाणे, कायमचं राहण्याच्या हेतूने उतरलात त्या दिवसापासून तुम्ही निवासी. आयकराचा कायदा मात्र दिवस मोजतो. परिणाम असा की एनआरई ठेवीचं, म्हणजे परदेशातली कमाई रुपयांत ठेवायच्या अनिवासी खात्यातल्या ठेवीचं, करमुक्त व्याज परतल्यावर करपात्र होतं, मग आयकराने तुम्ही अजून अनिवासी का असेना. एफसीएनआर ठेवीचं तसं नाही. ती अनिवासींची डॉलरसारख्या परकीय चलनातली ठेव, एक ते पाच वर्षांची असते, परतल्यावरही ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालते, आणि आयकराच्या भाषेत तुम्ही ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या गटात आहात तोवर तिचं व्याज करमुक्त राहतं. म्हणून शेवटच्या वर्षात एनआरईमधली मोठी रक्कम नुसती पडून असेल तर त्यातला भाग एफसीएनआरमध्ये टाकण्याचा विचार करा. मुदत संपल्यावर ती रक्कम आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्या निवासींच्या परकीय चलनाच्या खात्यात, डॉलरमध्येच ठेवता येते. मुलं अमिरातीत राहणार असतील तर ते खातं उपयोगी पडतं.

‘सामान्यतः निवासी नाही’ हा मधला गट बहुतेकांना दोन आर्थिक वर्षं मिळतो. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असणं, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस काढलेले असणं, यांपैकी एक अट पुरी झाली की झालं. या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नाही. परतीची तारीखही यासाठी महत्त्वाची. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतातले दिवस १८२च्या खाली राहिले तर ते पूर्ण वर्ष अनिवासीच धरलं जाईल, अशी शक्यता वाढते. २ ऑक्टोबरला उतरलं तर साध्या वर्षात मार्चअखेर १८१ दिवस भरतात. त्याच वर्षी गणपतीला येऊन गेला असाल तर ते दिवसही यात धरायचे. शिवाय त्या वर्षात भारतात ६० दिवस भरले का, ही दुसरी कसोटी आहे. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात काढलेल्यांना ती अडवू शकते. वर्षाला महिना-दीड महिना सुट्टी घेणाऱ्याला सहसा काळजी नसते. पाऊस ओसरलेला असतो, घराची कामं काढता येतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर तसाही सोयीचा. दिवस सिद्ध करायला पासपोर्टवरचे शिक्के लागतात. दुबईच्या स्मार्ट गेटमधून गेलं की शिक्काच बसत नाही, तेव्हा तिकिटं आणि बोर्डिंग पास एका पाकिटात जपून ठेवा.

सहा महिने आधी हिशेब, म्हणजे ग्रॅच्युइटी. २०२१च्या कामगार कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. मूळ पगार ६,००० दिरहम आणि नोकरी २० वर्षं असेल तर दिवसाचे २०० दिरहम धरा. पहिल्या पाच वर्षांचे २१,०००, पुढच्या पंधरांचे ९०,०००, एकूण १,११,००० दिरहम. हातात १२,००० येत असले तरी घरभाडं आणि वाहतूक भत्ता यात धरत नाहीत. अपेक्षाभंग इथेच होतो, म्हणून करारातला मूळ पगाराचा आकडा आजच बघा. बिनपगारी रजेचे दिवस नोकरीच्या काळातून वजा होतात. कंपनीचं नाव किंवा मालक बदलला असेल तर आधीची वर्षं धरली आहेत असं लेखी घ्या. नाहीतर नव्या व्हिसाच्या तारखेपासून मोजणी सुरू होते. दुबईच्या डीआयएफसी या स्वतंत्र कायद्याच्या वित्तीय क्षेत्रातल्या नोकरीला हे गणित लागू नाही, तिथे २०२० पासून दरमहा निधीत पैसे जमा होतात.

नोटीस किमान ३० दिवसांची. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत कंपनीने सगळे पैसे द्यायचे असतात. व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर ‘माझं सर्व येणं मिळालं’ अशा अर्थाचा मजकूर असतो. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका. कंपनीचा व्हिसाची कामं बघणारा माणूस (पीआरओ) कितीही घाई करो. ही रक्कम अमिरातीतल्या खात्यातच घ्या आणि मग भारतात पाठवा, कारण परदेशातलं येणं थेट भारतातल्या खात्यात पहिल्यांदा जमा झालं तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न समजलं जाऊ शकतं. बायको-मुलं तुमच्या व्हिसावर असतील तर त्यांचे व्हिसा तुमच्या आधी रद्द करावे किंवा थांबवून ठेवावे लागतात. रद्द झाल्यावर किती दिवस राहता येतं ते व्हिसाप्रमाणे बदलतं. रद्द केल्याच्या कागदावर छापलेली तारीखच खरी, मित्राने सांगितलेली नाही.

बँकेकडे क्रेडिट कार्ड बंद करण्याचा अर्ज दीड-दोन महिने आधी द्या आणि शेवटी काही देणं नसल्याचं पत्र घ्या. कर्जासाठी किंवा घरभाड्यासाठी सही करून दिलेले कोरे चेक परत मागा, मिळाले की फाडा. चेक न वटणं हा २०२२ पासून साधारणपणे फौजदारी गुन्हा राहिलेला नसला तरी त्यावर वसुलीची कारवाई थेट होऊ शकते. देणं शिल्लक ठेवून निघून गेलेल्याला पुढे मुलांना भेटायला येताना विमानतळावर अडवलं जाण्याची भीती राहते. वीज-पाण्याची अनामत परत मागायला विसरू नका. दुबईत फ्लॅटसाठी ती २,००० दिरहम असते. बँकेचं खातं लगेच बंद करू नका, दोन-तीन महिने चालू ठेवा आणि तिथला सिमही, कारण उशिरा येणारी अनामत तिथेच येईल. खातं जास्त काळ ठेवायचं असेल तर मधला गट संपून तुम्ही पूर्ण निवासी झालात की आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं. न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो.

औषधोपचाराची फाइल दवाखान्याकडून छापील मागून घ्या: वर्षभराचे एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड, मोतीबिंदूच्या भिंगाचा नंबर. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण तिथल्या कंपनीचं नाव गावच्या मेडिकलवाल्याला कळेलच असं नाही. गोळ्या महिन्या-दोन महिन्यांच्या घेऊन निघा. कार्गोत फाइल टाकू नका, पेटी उशिरा येते. सोन्याचे आणि घरसामानाचे कस्टमचे नियम बदलत राहतात; तिकिटाच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर बघा आणि बिलं हातातल्या बॅगेत ठेवा.

उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यात बँकेत जाऊन एनआरई आणि एनआरओ खाती निवासी करून घ्या. एनआरओवर, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या कमाईच्या खात्यावर, व्याजातून ३० टक्के कर कापला जातो, ते थांबवायलाही हेच लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासींना मिळत नाही. निवासी झालात आणि साठी पुरी असेल तर ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करा, आणि मृत्युपत्रही करा. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, मात्र ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

घराकडे एक नजर. संडास-न्हाणीघरात धरायला दांडा लावा. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा प्लग नीट धरत नाही, वजन पडलं की उपटून येतो. आरपार बोल्ट मारा. ओट्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या करून घ्या.

पुढे मुलांकडे भेटीला जाल तेव्हा औषधांची पिशवी वेगळी लावा. ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रीगाबॅलिन यांसारखी भारतात सहज लिहून दिली जाणारी औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी काढावी लागते. सांधेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून बघा. आणि खसखस तिथे बंदीची वस्तू आहे. नुसती पुडी टाळून भागत नाही, ती घातलेला मालवणी मसालाही नको. दिवाळीला नातवंडांसाठी अनारसे न्यायचेच असतील तर ते तिळावर थापा.